विश्लेषण : मोटरहोममागे जोडलेल्या कारला स्वतंत्र ब्रेक का हवेत?

अमेरिकेतील महामार्गांवर बसएवढ्या मोटरहोमच्या मागे एक रिकामी कार चारही चाकांवर धावत जाताना सर्रास दिसते. कारमध्ये चालक नसतो, इंजिन बंद असते आणि पुढचे वाहन तिला लोखंडी दांड्याने ओढत असते. पुढचे वाहन इतके मोठे असते, की मागची कार त्याच्या खिजगणतीतही नसावी असे वाटते. अनेक चालकांचा समज तोच असतो. मात्र खरी अडचण ओढताना येत नाही, ती थांबताना येते. मागच्या कारचे ब्रेक लागत नसतील तर काय होते, त्यावर कोणते उपाय आहेत आणि कायदा काय सांगतो, याविषयी.

मोटरहोममागे कार का जोडतात?

मोटरहोम म्हणजे स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि स्वच्छतागृह असलेले फिरते घर. अमेरिकेत निवृत्त जोडपी महिनोन् महिने अशा वाहनातून प्रवास करतात. मात्र तळावर पोहोचून पाण्याची आणि विजेची जोडणी केली, की ते घर पुन्हा हलवणे जिकिरीचे होते. किराणा आणायचा असो, डॉक्टरकडे जायचे असो किंवा राष्ट्रीय उद्यानातील अरुंद रस्त्यावर फिरायचे असो, लहान गाडी लागतेच. म्हणून घरची कार मागे जोडून नेली जाते.

त्याचे तीन प्रकार आहेत. कार पूर्णपणे ट्रेलरवर चढवणे, फक्त पुढची दोन चाके छोट्या गाड्यावर ठेवणे किंवा चारही चाके रस्त्यावर ठेवून ‘टो बार’ने ओढणे. तिसरा प्रकार सर्वात सोयीचा असल्याने लोकप्रिय आहे, कारण तळावर ट्रेलर उभा करायला वेगळी जागा लागत नाही. मात्र प्रत्येक कार अशी ओढता येत नाही. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्स आतून कोरडा पडून जळू शकतो. बहुतेक इलेक्ट्रिक कारनाही ही पद्धत चालत नाही. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकता येणारी जीप रँग्लरसारखी वाहने यासाठी पसंत केली जातात. कार ओढता येते की नाही, याचा निर्णय तिच्या उत्पादकाची माहितीपुस्तिका पाहूनच करायचा असतो.

ओढण्याची ताकद असली, की थांबवण्याचीही असते का?

नसते, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. मोटरहोमच्या चेसिसवर दोन वेगवेगळ्या वजनमर्यादा लिहिलेल्या असतात. पहिली, माणसे, पाणी, इंधन आणि सामान धरून त्या वाहनाचे स्वतःचे कमाल वजन. दुसरी, मागे जोडलेल्या वाहनासह एकत्रित कमाल वजन. दुसऱ्या आकड्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल किती भार ओढू शकतात याचा विचार असतो. मोटरहोमचे ब्रेक मात्र सहसा पहिल्या आकड्याला पुरतील असे बनवलेले असतात. त्यामुळेच मोटरहोमचे ब्रेक एकत्रित वजनासाठी नाहीत आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतंत्र, चालू स्थितीतील ब्रेक असावेत, असे फोर्डसारखी चेसिस बनवणारी कंपनी आपल्या मार्गदर्शिकेत बजावते.

मागच्या बाजूला जो हिच असतो, त्यावर तिसराच आकडा असतो. समजा हिचवर ५००० पौंड लिहिले आहे, पण वरील दोन मर्यादांमधील फरक ४००० पौंडच आहे. अशा वेळी पूर्ण भरलेल्या मोटरहोममागे ४००० पौंडांपेक्षा जड कार जोडता येत नाही. सगळ्या आकड्यांतील सर्वात लहान आकडा हीच खरी मर्यादा. त्या मर्यादेत बसणारी कारसुद्धा ब्रेकशिवाय सुरक्षित ठरत नाही.

मागच्या कारमुळे थांबण्याचे अंतर किती वाढते?

एक साधे गणित करून पाहता येईल. ८००० किलोचे मोटरहोम ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहे. चालकाने जोरात ब्रेक दाबले आणि ते सुमारे ७७ मीटरमध्ये थांबले. आता त्याच मोटरहोममागे १८०० किलोची कार आहे आणि तिचे ब्रेक लागत नाहीत. ब्रेकची ताकद तेवढीच, पण वजन ९८०० किलो. त्यामुळे थांबायला सुमारे ९४ मीटर लागतील. फरक १७ मीटरचा, म्हणजे चार गाड्यांच्या लांबीचा. चालकाचा पाय पेडलवर पोहोचेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

१७ मीटर ऐकायला फार वाटत नाहीत. पण हेच गणित दुसऱ्या बाजूने मांडले की धोका कळतो. ज्या जागी एकटे मोटरहोम पूर्ण थांबले असते, त्या जागी कारसह येणारे मोटरहोम ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने धावत असते. वजन केवळ २२ टक्क्यांनी वाढले असताना उरलेला वेग इतका मोठा कसा? कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ब्रेकने बहुतेक ऊर्जा खाल्ली तरी शेवटच्या थोड्या ऊर्जेतही बराच वेग शिल्लक राहतो. पुढे थांबलेली गाडी असेल, तर टक्कर त्या वेगाने होते.

मागच्या कारच्या चार टायरनाही रस्त्यावर पकड असते, हा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. कारचे ब्रेक लागले तर ती स्वतःचे वजन स्वतः थांबवते आणि एकूण अंतर जवळपास पूर्वीइतकेच राहते. ब्रेक लागले नाहीत तर ती पकड वाया जाते आणि कारचा सगळा रेटा टो बारमधून मोटरहोमच्या मागच्या टोकावर येतो. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर हा रेटा तिरका बसला, तर मोटरहोमचे मागचे टोक बाजूला ढकलले जाऊन दोन्ही वाहने कोनात दुमडण्याचा धोका असतो.

लांब उतारावर काय होते?

सपाट रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक लावणे आणि डोंगर उतरताना सतत ब्रेक वापरणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. ६ टक्के उतार म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर खाली जाणे. असा ५ किलोमीटरचा रस्ता ३०० मीटर खाली उतरवतो. त्यात जी ऊर्जा मोकळी होते, ती तेच वाहन ताशी १०० किलोमीटर वेगावरून साडेसात वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. त्यातील काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेते. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-५ महामार्गावर ‘ग्रेपव्हाइन’ नावाने ओळखला जाणारा सुमारे ८ किलोमीटरचा असाच ६ टक्क्यांचा उतार आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरपर्यंतचे अंतर १०० किलोमीटरच्या आतच आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी अशा महामार्गांवर खडीने भरलेले चढाचे फाटे मुद्दाम बांधलेले असतात.

ब्रेक फार तापले की दोन गोष्टी घडतात. पॅड आणि डिस्क किंवा ड्रम यांच्यातील घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरे, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल थेट खाली जाते. ‘डॉट ३’ प्रकारचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पण हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा मुरलेल्या तेलासाठी तोच आकडा १४० अंशांवर येतो. वर्षातील कित्येक महिने एका जागी उभ्या असणाऱ्या मोटरहोममध्ये तेल जुने होते, पण किलोमीटर कमी असल्याने ते बदलण्याची आठवण राहत नाही.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करणे, खालचा गिअर टाकणे, इंजिन किंवा एक्झॉस्ट ब्रेकला काम करू देणे आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून पूर्ण सोडणे, ही पद्धत सांगितली जाते. पेडलवर सतत हलका पाय ठेवल्यास ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

कारचे स्वतःचे ब्रेक आपोआप का लागत नाहीत?

टो बार दोन्ही वाहनांना जोडतो, पण ब्रेकची नळी जोडत नाही. मोटरहोमच्या चालकाने पेडल दाबले, तर कारचे फक्त मागचे लाल दिवे लागतात. तेही वायर जोडलेली असेल तर. कारचे पेडल दाबायला तेथे कोणी नसते. शिवाय आधुनिक कारचे पेडल हलके लागते ते बूस्टरमुळे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा बूस्टर चालत्या इंजिनच्या व्हॅक्यूमवर काम करतो. इंजिन बंद असताना एक-दोन वेळा पेडल दाबले, की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. बंद गाडी ढकलत नेताना हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. म्हणजे कारला थांबवण्यासाठी पेडल दाबणारे कोणीतरी हवे आणि त्याची ताकदही पुरेशी हवी.

पूरक ब्रेक यंत्रणा कशा काम करतात?

त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार सुटसुटीत पेटीचा. ही पेटी चालकाच्या आसनासमोर ठेवून तिचा दांडा ब्रेक पेडलला अडकवतात. मोटरहोमचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे, हे आतील सेन्सर ओळखतो आणि त्या प्रमाणात पेडल दाबतो. कार बदलली तर पेटी दुसऱ्या कारमध्ये नेता येते. मात्र प्रत्येक प्रवासापूर्वी ती बसवावी लागते आणि तळावर काढावी लागते.

दुसरा प्रकार कायम बसवलेल्या यंत्रणेचा. यात कारच्या पेडलला जोडलेला छोटा हवेचा सिलिंडर किंवा केबल असते आणि काही यंत्रणा बूस्टरला व्हॅक्यूमही पुरवतात. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये एअर ब्रेक असतील, तर त्यांच्या हवेच्या दाबावरच कारचे पेडल चालवता येते. बसवण्याचा खर्च जास्त असतो, पण रोज जोडताना फक्त एक वायर किंवा नळी लावावी लागते. काही टो बारमध्ये पुढच्या वाहनाने ब्रेक लावल्यावर मागून येणाऱ्या रेट्यानेच कारचा ब्रेक ओढला जाईल, अशी यांत्रिक रचनाही असते.

यंत्रणा कोणतीही असो, ती ‘प्रमाणात’ काम करते का, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. मोटरहोमने हळू ब्रेक लावला तर कारनेही हळू लावावा, जोरात लावला तर जोरात. फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोनच अवस्था असणाऱ्या यंत्रणेत सिग्नलजवळ हलका ब्रेक लावला तरी कारचे ब्रेक पूर्ण ताकदीने लागतात आणि टायर व पॅड लवकर झिजतात.

कार सुटून निघाली तर?

हिचची पिन निघाली किंवा जोड तुटला, तर सुरक्षा केबल किंवा साखळ्या कारला धरून ठेवतात. त्या टो बारखालून एकमेकींना छेदून बांधायच्या असतात, म्हणजे सुटलेला दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्यावर तोलला जातो. त्याही तुटल्या तर शेवटचा आधार ‘ब्रेकअवे स्विच’चा. कारच्या पुढच्या भागात असलेल्या या स्विचची पातळ केबल मोटरहोमला बांधलेली असते. कार दूर गेली की केबल पिन उपसते आणि कारचे ब्रेक लगेच लागून राहतात.

ही केबल टो बारला किंवा हिचच्या काढता येणाऱ्या भागाला बांधणे ही नेहमीची चूक. तो भागच निखळून कारबरोबर गेला, तर केबलला ताण बसत नाही आणि पिन जागची हलत नाही. केबल मोटरहोमच्या मूळ सांगाड्याला बांधलेली असावी आणि वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल असावी.

पूरक ब्रेक लावले, की धोका संपतो का?

पूर्ण संपत नाही. सर्वात त्रासदायक बिघाड म्हणजे नको असताना लागून राहणारा ब्रेक. पेटीचा दांडा पेडल पूर्ण सोडत नसेल किंवा हँडब्रेक काढायचा राहिला असेल, तर कार ब्रेक लावूनच किलोमीटरमागून किलोमीटर ओढली जाते. मोटरहोमचे इंजिन इतके ताकदवान असते, की चालकाला ते जाणवत नाही. मागे पाहावे तर कार आरशात दिसत नाही. चाकांतून धूर येऊ लागला तरी तो दुसऱ्याच वाहनचालकाने हात करून सांगेपर्यंत कळत नाही. एक्झॉस्ट ब्रेक लागताच मोटरहोमचे ब्रेक दिवे लागत असतील आणि कारची यंत्रणा त्याच संकेतावर चालत असेल, तर सबंध घाटभर कारचे ब्रेक लागून राहू शकतात. यंत्रणा बसवतानाच ही बाब तपासावी लागते.

दुसरा बिघाड याच्या उलट. बहुतेक यंत्रणा कारच्या बॅटरीवर चालतात. दिवसभरात बॅटरी उतरली, तर सकाळी चालणारा ब्रेक संध्याकाळी मुकाट्याने बंद पडतो. म्हणून मोटरहोमकडून कारच्या बॅटरीला चार्जिंगची वायर देतात. कारचा ब्रेक कधी लागला हे दाखवणारा दिवा मोटरहोमच्या डॅशबोर्डवर असणे आणि कारच्या टायरमधील हवेचा दाब दाखवणारा सेन्सर असणे, या दोन गोष्टी चैनीच्या नाहीत. काही हायब्रिड गाड्यांत इंजिन बंद असतानाही ब्रेकला विजेवर साह्य मिळते. तेथे पेटीने जोरात पेडल दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. अशा कारसाठी पेटीचा दाब कमी ठेवावा लागतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि नियम एकसारखे नाहीत. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १३६० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. काही राज्यांत मर्यादा याहून कमी आहे, तर काहींत बरीच जास्त. अनेक कायदे ‘ट्रेलर’ हा शब्द वापरतात. चार चाकांवर ओढली जाणारी कार ट्रेलर मानायची का, हे सगळीकडे स्पष्ट नाही. काही ठिकाणी वजनाऐवजी, एकत्रित वाहन ठरावीक वेगावरून ठरावीक अंतरात थांबले पाहिजे, अशी अट असते. अनेक राज्ये ओलांडणाऱ्या प्रवाशाला त्यामुळे सर्वात कडक नियम पाळणेच सोपे जाते.

ब्रिटनमध्ये भूमिका जास्त स्पष्ट आहे. तेथे दांड्याने ओढली जाणारी कार ट्रेलर समजली जाते आणि ७५० किलोंपेक्षा जास्त कमाल वजनाच्या ट्रेलरला चालू ब्रेक असणे बंधनकारक आहे. आजची जवळपास कोणतीही कार या मर्यादेपेक्षा जड असल्याने ब्रेक नसलेली कार ओढण्याला तेथे वावच उरत नाही.

अमेरिकेतील वजनमर्यादा ही कायदेशीर किमान अट आहे. २९०० पौंडांच्या कारला सूट मिळाली, तरी ३००० पौंडांच्या कारइतकाच रेटा ती देते. शिवाय चेसिस उत्पादकाने स्वतंत्र ब्रेक सांगितलेले असताना ते न लावता अपघात झाला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात हा मुद्दा चालकाविरुद्ध जाऊ शकतो.

मराठी प्रवाशांचा याच्याशी काय संबंध?

भारतात बंद पडलेले वाहन किंवा नोंदणीकृत ट्रेलर वगळता दुसरे मोटार वाहन ओढून नेण्यास सर्वसाधारणपणे मुभा नाही. त्यामुळे हे दृश्य इथे दिसत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण त्यातही कल्पना आहे ती राहण्याची सोय असलेल्या वाहनाची. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे गेलेल्या अनेकांना मोटरहोमच्या सहलीचे आकर्षण असते. तेथे खासगी वापराचे मोठे मोटरहोम अनेक राज्यांत साध्या कार परवान्यावर चालवता येते. म्हणजे आयुष्यभर दीड टनाची कार चालवलेला माणूस एका दिवसात दहा टनांच्या जोडवाहनाचा चालक होऊ शकतो. भाड्याच्या मोटरहोमला कार जोडायची असेल, तर करारात तशी परवानगी आहे का, हे आधी पाहावे. उताराचे गणित मात्र ग्रेपव्हाइनवर आणि बोरघाटात सारखेच आहे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

मोटरहोम आणि कार, दोन्हींचे सामानासह वजन काट्यावर करून घ्यावे. अंदाज बहुधा कमीच निघतो. टो बार शक्यतो आडवा समतल असावा. दोन टोकांच्या उंचीत उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा, साधारणपणे तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर जोरात ब्रेक लागताच कार वर चढण्याचा किंवा खाली दबण्याचा प्रयत्न करते. हँडब्रेक सोडलेला, गिअर पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत, स्टिअरिंग मोकळे, पिनांना क्लिप, साखळ्या छेदून बांधलेल्या आणि ब्रेकअवे केबल सांगाड्याला, हे सगळे एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने हात लावून पाहावे. मग मोकळ्या जागेत ताशी ३० किलोमीटरवर एकदा ब्रेक लावून कारची यंत्रणा लागते आणि सुटते का, हे पाहावे. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून कारच्या चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात. आणि जोडलेले वाहन मागे घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे; टो बार वाकतो. रस्ता चुकला तर आधी कार सोडवावी लागते.